नाव न घेता

सोमवार, २ मार्च

ही वही मी दर जानेवारीत सुरू करते आणि फेब्रुवारीत विसरते. आज पुन्हा काढली, कारण आज जे कळलंय ते कुणाला सांगायचं नाही, आणि माझ्या पोटात तर काही राहत नाही. कागदावर उतरवलं की जरा मोकळं वाटेल. नियम एकच, नावं लिहायची नाहीत. वही कपाटात असली तरी घरात माणसं आहेत, आणि आमच्या परदेशी विद्यार्थी कक्षात गुप्तता म्हणजे गुप्तता.

सकाळी कक्षाचं दार उघडून पर्स ठेवते न ठेवते तोच फोन वाजला. फार लांबून, आवाज मागेपुढे होत होता. कोटवालीचा मोठा भाऊ. कोटवाली म्हणजे नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाची आमची मुलगी. वडील शिंपी. इकडे थंडी फार म्हणून त्यांनी स्वतः शिवून दिलेला राखाडी कोट ती तीन वर्षं अंगावेगळा करत नाही. बाह्या पार बोटांपर्यंत येतात. वाढत्या अंगाचा शिवलाय असं ती सांगते आणि स्वतःच हसते, कारण आली तेव्हाच ती वीस वर्षांची होती.

तर वडील गेले. शुक्रवारी, मशिनवर बसलेले असताना. काल माती झाली. भाऊ रडत नव्हता, नुसता पाठ केल्यासारखा बोलत होता. चौदा तारखेला तिची नर्सिंगच्या परवान्याची परीक्षा आहे. ती चुकली तर वर्षभर थांबायचं, आणि शिष्यवृत्ती काही वर्षभर थांबणार नाही. वडील सहा महिने गिऱ्हाइकांना त्या परीक्षेबद्दलच सांगत होते. आता ती निघाली तरी तोंड बघायला मिळणार नाही, मग पेपर होईपर्यंत तिला कळू द्यायचं नाही असं घरात ठरलंय. वडील तसेही फोनवर फारसे यायचे नाहीत. चौदाला चार वाजता भाऊ आमच्या कक्षात फोन करून तिला स्वतः सांगणार. मला कळवलं ते एवढ्याचसाठी की त्या वेळी तिच्याजवळ कुणीतरी असावं.

"तोवर तिथे फक्त तुम्हाला माहीत असेल," तो म्हणाला.

मी म्हटलं, दादा, काळजी करू नका, माझ्या तोंडाला कुलूप. फोन ठेवल्यावर डोळे भरून आले. ही सगळी देशोदेशीची पोरं मला मावशी म्हणतात. तो शब्द मीच शिकवलाय त्यांना, पहिल्याच दिवशी, व्हिसाचे फॉर्म भरून घेताना.

संध्याकाळी ह्यांना सांगितलं. घरच्या माणसाला सांगणं म्हणजे काही सांगणं नव्हे. हे शब्दकोडं सोडवत होते. पेन्सिल खाली ठेवून म्हणाले, "मला कशाला सांगितलंस? ती रविवारी जेवायला आली तर मी कसं बोलू तिच्याशी?" निवृत्त झाल्यापासून ह्यांचं हे असंच चाललंय, सरळ बोलायला गेलं की तिरकं उत्तर.

बुधवार, ४ मार्च

आज प्रार्थना सभा झाली. आमच्या विद्यापीठात बुधवारी दहाला सगळे कर्मचारी चॅपेलच्या बाजूच्या खोलीत जमतात. प्रत्येक विभागाने प्रार्थनेचा विषय द्यायचा. कुलसचिवांच्या ऑफिसातल्या सचिवबाई ते उतरवून घेतात आणि दुपारपर्यंत विषयांचा कागद छापून बेचाळीस प्रती सगळ्या विभागांच्या कप्प्यांत टाकतात. म्हणजे आठवडाभर सगळ्यांना आठवण राहते. चांगली पद्धत आहे, मी एकोणीस वर्षं बघतेय.

विषय देण्यात वसतिगृहाच्या रेक्टरबाईंचा हात कुणी धरू शकत नाही. त्यांच्याकडे दर आठवड्याला काहीतरी मोडलेलं असतं, कुणाचा पाय तर कुणाचं लग्न. माझे विषय म्हणजे अडकलेली कागदपत्रं आणि बिघडलेला प्रिंटर. मी उभी राहिले की अर्ध्या लोकांचे डोळे मिटतात, आणि ते काही प्रार्थनेसाठी नव्हे.

आज मी कोटवालीचा विषय दिला. नाव घेतलं नाही. एवढंच म्हटलं की आमच्या कक्षातल्या नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाच्या एका मुलीचे वडील शुक्रवारी प्रभूकडे गेले, तिला अजून ठाऊक नाही, चौदाला परीक्षा आहे, तोवर तिला कळू नये आणि बळ मिळावं. दादाला शब्द दिला होता खरा, पण प्रार्थना मागणं म्हणजे बोभाटा करणं नाही. देवापुढे कसली आली गुप्तता.

खोली एकदम शांत झाली. रेक्टरबाईंनी चक्क डोळे टिपले. पाळकसाहेबांनी माझ्या विषयासाठी स्वतः प्रार्थना केली, तीही लांबलचक. नंतर चहाला पाच-सहा जण माझ्याभोवती जमले, कसं झालं, कुठे झालं. मी फार काही बोलले नाही. मशिनवर बसल्या बसल्या गेले, एवढंच सांगितलं.

मन हलकं झालं. आज झोप चांगली लागेल.

शुक्रवार, ६ मार्च

प्रार्थनेचा गुण दिसतोय. कॅन्टीनवाल्या काकांनी आज कोटवालीच्या ताटात दुप्पट वाढलं. हा माणूस एरवी चमचा झटकून घेणारा. तिच्याकडे बघत छातीवर हात ठेवून उभे राहिले. ग्रंथालयात तिचं पुस्तक दोन आठवडे उशिरा आलं तरी कुणी चकार शब्द काढला नाही. रेक्टरबाईंनी तिला मोठी खिडकीची खोली देऊ केली, अभ्यासाला उजेड बरा म्हणून.

कोटवाली ताट घेऊन कोपऱ्यात बसली होती. जेवली नाही फारसं. परीक्षेचा ताण असणार.

सोमवार, ९ मार्च

दुपारी कोटवाली आली. दारातच उभी राहिली, हात बाह्यांत आत ओढून घेतलेले. म्हणाली, "मावशी, दार लावू का?"

मी म्हटलं, अगं असू दे, वारा येतोय.

मग तिने विचारलं, "सगळे माझ्याशी इतकं चांगलं का वागतायत?"

 तोंडाला हसू कुठून आलं कोण जाणे. म्हटलं, परीक्षा जवळ आलीये ना, सगळे तुझ्यासाठी प्रार्थना करतायत.

"फक्त परीक्षेसाठी?"

"मग आणखी कशासाठी गं?"

ती माझ्याकडे बघत राहिली. मी टेबलावरच्या फायली उगाच या ढिगातून त्या ढिगात ठेवत होते. मग ती म्हणाली, "बरं, मावशी." जाताजाता सांगितलं की काल रविवारी तिने बाबांच्या फोनवर निरोप ठेवला, इथली माणसं किती चांगली आहेत ते सांगितलं. मला चहाचा ठसकाच लागला.

ती गेल्यावर मी यादी काढली. नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला आमच्या कक्षातल्या किती मुली आहेत ते बघायला. यादी मीच केलेली, टाइपसुद्धा मीच केलेली, तरी वरपासून खालपर्यंत बोट फिरवत गेले. एकच आहे. मला माहीत होतं एकच आहे. बुधवारी बोलतानाही माहीत होतं.

मंगळवार, १० मार्च

सकाळी दादाचा फोन. वडिलांचा फोन आता त्याच्याकडेच असतो, त्याने तो निरोप ऐकला. म्हणाला, अचानक सगळे इतके चांगले कसे वागायला लागले? "तुम्ही कुणाला बोललात का?"

"नाही दादा," मी म्हटलं. इतक्या सफाईने म्हटलं की क्षणभर मलाच खरं वाटलं.

त्याने लगेच माफी मागितली. म्हणाला, घरात झोप नाही कुणाला, म्हणून काहीबाही मनात येतं, राग मानू नका. मी म्हटलं, छे हो, राग कसला. मोठ्या मनाने माफ केलं मी त्याला. लिहिताना स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटतेय.

ह्यांना सगळं सांगितलं. बुधवारचं, यादीचं, फोनचं. मला वाटलं रागावतील. हे शांतपणे म्हणाले, आत्ता त्या मुलाला फोन लाव आणि खरं सांग. मी म्हटलं, आता चार दिवस राहिलेत, पेपर होऊ दे, उगाच त्याच्या जिवाला घोर. हे उठून चपला घालायला लागले. दारातून म्हणाले, "दर बुधवारी तू दुसऱ्यांचे विषय सांगतेस. स्वतःचा कधी सांगितल्याचं आठवत नाही."

एक तास फिरून आले. 

बुधवार, ११ मार्च

डोकं दुखतंय असं कळवून सभेला गेले नाही. सगळे तिथे बसलेले असताना मागच्या आठवड्याचे कागद गोळा करत फिरले. शिपायाने विचारलं तर म्हटलं, तारीख चुकलीय, बदलून द्यायचेत. एका खोट्याला दुसरं जोडताना आता मला अडखळायलाही होत नाही.

काही कप्प्यांतच होते. काही टेबलांवर, काचेखाली नीट सरकवलेले. एकावर चहाच्या कपाची तीन वर्तुळं. हिशेब विभागात एकीने त्याच्यामागे भाजीची यादी लिहिलेली. एक वाचून बघितला. सचिवबाईंनी माझा विषय सगळ्यांत वर, ठळक अक्षरांत छापलाय. शब्द माझेच, एकही बदललेला नाही. वाचताना वाटलं, ही कोण चहाडखोर बाई.

एक्केचाळीस मिळाले. बेचाळिसावा नर्सिंग विभागाचा. तो त्यांनी फलकावर लावला होता म्हणे, वेळापत्रक आणि हरवलेल्या छत्रीची सूचना यांच्या मधोमध. जाऊन बघितलं. टाचणी होती, कागद नव्हता. तिथली मदतनीस म्हणाली, लावला त्याच्या दुसऱ्याच दिवशी कुणीतरी काढून नेला. झाडणारीने काढला असेल. फलक साफ करायची वेळच असेल ती. असणारच.

एक्केचाळीसच्या एक्केचाळीस कागद कापायच्या यंत्रात घातले. मग सचिवबाईंना गाठून म्हटलं, आजच्या कागदात माझा विषय नको. त्या हिरमुसल्या. "अहो, सगळे रोज त्याचीच चौकशी करतात," म्हणाल्या. गयावया केली तेव्हा काढला.

शनिवार, १४ मार्च

लिहावंसं वाटत नाही. पण न लिहिता बसवतही नाही.

साडेतीनला कोटवाली आली. पेपर कसा गेला विचारलं तर म्हणाली, चांगला गेला. मी दार लावून घेतलं, पाण्याचा पेला भरून ठेवला, रुमालांचा डबा जवळ ओढला. ती बघत होती सगळं. बरोबर चारला फोन वाजला. मी तिच्या हातात दिला आणि खिडकीशी जाऊन उभी राहिले.

भावाने काय सांगितलं ते मला ऐकू आलं नाही.  ती रडली. खरं रडली, खांदे हलत होते. म्हणाली, "दादा, तू एकटाच होतास का रे सगळं करायला?" आणि मग, "नाही रे. मला काहीच कळलं नव्हतं. मी पेपर नीट लिहिला."

तिने फोन माझ्याकडे दिला. दादाचा आवाज फुटला होता. तुमच्यासारखं माणूस तिथे होतं म्हणून निभावलं, जन्मभर विसरणार नाही, असं म्हणत राहिला. मी हो हो म्हणत राहिले. तो थांबेना.

फोन ठेवून मी तिला जवळ घ्यायला गेले. ती एक पाऊल मागे सरली. कोटाच्या आतल्या खिशात हात घालून तिने एक कागद काढला. चार घड्या केलेला. उलगडून टेबलावर ठेवला. वर मधोमध टाचणीचं भोक होतं.

 मी कसंबसं विचारलं, "कधीपासून?"

"पाच तारखेपासून. गुरुवारी प्रॅक्टिकलचं वेळापत्रक बघायला गेले होते."

"मग मला विचारलं का नाहीस बाळा?"

"विचारलं होतं, मावशी. सोमवारी. दार लावू का, असंही विचारलं होतं."

 माफ कर म्हणायचं होतं, पण तेही अशा वेळी आपल्यालाच बरं वाटावं म्हणून म्हटल्यासारखं झालं असतं. दादाला मी आजच सगळं सांगते, एवढं म्हटलं. ती घाईने नको म्हणाली.

"त्याला सांगू नका. आपण बहिणीला सांभाळलं असं त्याला वाटतंय. तेवढं राहू दे त्याच्याकडे."

मी कागद उचलायला हात पुढे केला. खरं सांगायचं तर एक्केचाळीस झाले होते, हा बेचाळिसावा, हात आपोआप गेला. तिने तो माझ्याआधी उचलला आणि पुन्हा घड्या घातल्या.

"हा नाही देणार. बाबा गेले असं मला कळवणारा एवढाच कागद आहे." मग जरा थांबून म्हणाली, "मशिनवर बसलेले असताना गेले, ते यात नाही लिहिलेलं. ते मला कॅन्टीनमध्ये काकांकडून कळलं. ते कळलं ते बरं झालं."

तिने डोळे पुसले, पाणी प्यायली, पेला जागेवर ठेवला. "येते, मावशी," म्हणाली. मॅडम म्हणाली असती तर मला सोपं गेलं असतं.

रविवार, १५ मार्च

हे सकाळी एकटेच वसतिगृहावर जाऊन आले. मला चल म्हणाले नाहीत. दोन तास बसले होते. काय बोललात विचारलं तर म्हणाले, फारसं काही नाही, ती वडिलांबद्दल सांगत होती, मी ऐकत होतो. वडिलांना म्हणे गिऱ्हाइकांची मापं तोंडपाठ असायची, पण कुणाचं पोट वाढलंय हे ते दुसऱ्या कुणाला कधी सांगायचे नाहीत. हे सांगताना ह्यांनी माझ्याकडे बघायचं टाळलं.

दुपारभर एकच गोष्ट डोक्यात घोळतेय. गेल्या रविवारी तिने बाबांच्या फोनवर निरोप ठेवला तेव्हा ते नाहीत हे तिला तीन दिवस आधीच माहीत होतं. तरी बोलली. इथली माणसं चांगली आहेत असं सांगितलं. त्या माणसांत मीही आलेच.

बुधवार, १८ मार्च

सभेला गेले. 

रेक्टरबाई पहिल्यांदा उठल्या. परदेशी कक्षाच्या विषयाबद्दल आभार मानायचे आहेत म्हणाल्या. मुलीला शेवटपर्यंत काही कळलं नाही, पेपर उत्तम झाला, प्रभूने आपली प्रार्थना ऐकली. सगळे आमेन म्हणाले. सगळे माझ्याकडे वळून बघायला लागले, काही जण हसून मान डोलवत होते. खालची फरशी उघडून आत घेईल तर बरं असं झालं. कोटवालीने दादापुढे जे झाकलं होतं ते मी इथे उघडं करू शकत नव्हते. माझं स्वतःचं तेवढं उघडं करता येण्यासारखं होतं.

उभी राहिले. म्हटलं, माझा एक विषय आहे, आणि आज नाव घेऊन सांगते. मग मी माझं नाव घेतलं, आडनावासकट, कक्षाचंही घेतलं, जसं सचिवबाईंना लिहून घ्यायला लागतं तसं. म्हटलं, "मला विश्वासाने सांगितलेली गोष्ट मी या खोलीत बोलले. तुम्ही सगळे ऐकत होतात म्हणून बोलायला बरं वाटलं. नंतर मला सरळ विचारलं गेलं तेव्हा दोनदा खोटं बोलले. माझ्यासाठी प्रार्थना करा. आणि माझी जीभ ताब्यात येईपर्यंत मला काही सांगू नका."

खोली शांत झाली. चार तारखेला झाली होती तशी नव्हे. कुणी डोळे टिपले नाहीत. रेक्टरबाई आपल्या बुटांकडे बघत होत्या. पाळकसाहेबांनी दोन वाक्यांत प्रार्थना आटोपली. चहाला माझ्याजवळ कुणी आलं नाही, आणि मला ते बरोबर वाटलं.

फक्त सचिवबाई आल्या. पेनाचं टोपण लावत हळूच म्हणाल्या, "हे काही छापायचं नसेल ना?"

मी म्हटलं, छापा. बेचाळीस प्रती. आणि नर्सिंगवाल्यांना सांगा, त्यांची फलकावर लावायला.

दुपारी माझ्या कप्प्यात कागद आला. पहिलाच विषय माझा, ठळक अक्षरांत. नाव बरोबर आहे. काचेखाली सरकवून ठेवला, म्हणजे फोन घेताना समोर दिसेल.

पाचला घरी निघाले ती मुद्दाम नर्सिंगच्या इमारतीवरून. मदतनीस म्हणाली, तुमचा कागद दुपारीच लावलाय. वेळापत्रक होतं, हरवलेल्या छत्रीची सूचना होती. त्यांच्या मधोमध टाचणी होती, कागद नव्हता.